लाल नळी आणि सतरावा खटका

थेरगावात आमच्या सोसायटीत माझी ओळख 'कॉम्प्युटरवाल्या काकू' अशी आहे. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या मोबाइलमधले फोटो उडाले, की आमची बेल वाजते. मला त्यातलं फारसं काही येत नाही, हे सांगून मी थकले. माझी सगळी नोकरी एका वेगळ्याच कामात गेली आणि ते काम काय होतं हे माझ्या नवऱ्यालाही धड सांगता येत नाही. तो लोकांना सांगतो, "ती सॉफ्टवेअरचं पॅकिंग करायची." मला राग येतो, पण ते अगदीच चूक नाही.

वाकडच्या आमच्या छोट्या कंपनीत कारखान्यांतल्या तपासणीच्या मशीनसाठी प्रोग्रॅम लिहिले जात. लिहिणारी मुलं आठ-दहा. प्रत्येकाने लिहिलेला तुकडा वेगळा. ते सगळे तुकडे जोडून एखाद्या मशीनवर प्रत्यक्ष चालेल असा एकच प्रोग्रॅम तयार करायचा, याला आमच्यात बिल्ड म्हणतात. मी मराठीत बांधणी म्हणते. ती बांधणी माझ्याकडे होती.

यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. अवघड हे की कुठलीही दोन मशीन सारखी नसतात. एकाला दोन दिवे, दुसऱ्याला तीन. एकाला स्टिकर छापायचा प्रिंटर, दुसऱ्याला नाही. एकाच्या पडद्यावर मराठी हवी, दुसऱ्याच्या हिंदी. शिंप्याकडे कापड तेच असतं, पण मापाची वही प्रत्येकाची वेगळी असते, तसंच हे. आमच्या मापाच्या वहीत ओळीने खटके असायचे. हा चालू, तो बंद. ऑफिसातली मुलं त्यांच्यासाठी काहीतरी इंग्रजी नाव वापरत. खटका हा शब्द चाकणच्या बबनभाऊंचा, त्यांच्याविषयी पुढे सांगतेच, आणि मी तोच उचलला.

हे खटके वाढत कसे जातात, हेही सांगायला हवं. भोसरीच्या एका मालकांना जेवणाच्या सुट्टीत मशीनचा भोंगा नको होता. घातला एक खटका. दुसऱ्या एका ठिकाणी हिरवा दिवा जास्त वेळ लागून राहायला हवा होता, कारण तिथल्या ऑपरेटर बाईंची नजर अधू होती. घातला खटका. त्या बाई निवृत्त झाल्या, खटका राहिला. एका खटक्याचं नावच मुळी 'तात्पुरता' असं होतं. तो कुणी घातला, कशासाठी घातला, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि काढायची छाती कुणाची नव्हती. माझीही नव्हती. मी निवृत्त झाले तेव्हा तो तिथेच होता.

आता बबनभाऊ. बबनभाऊ येळवंडे हे चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथे गाड्यांच्या ब्रेकच्या तेलाच्या नळ्या बनतात. आमचं मशीन तिथे नळीची गळती तपासायचं. नळी लावायची, दोन्ही तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि थोडा वेळ थांबायचं. दाब टिकला तर हिरवा दिवा, दाब उतरला तर लाल. ब्रेकची नळी असल्यामुळे लाल दिव्याची किंमत काय आहे हे सांगायला नको. ज्या जमिनीवर तो कारखाना उभा आहे तिच्यात बबनभाऊंच्या वडिलांचं शेत होतं, आणि नोकरी त्याच्या बदल्यात मिळालेली. "आमच्याच बांधावर आमी ड्युटी करतो," असं ते हसून सांगायचे.

त्या लाइनवर एक लाल नळी होती. मुद्दाम बारीक भोक पाडलेली आणि लाल रंगाने रंगवलेली. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला आधी ती मशीनला लावायची. लाल दिवा लागला, तरच शिफ्ट चालू करायची. म्हणजे चोर पकडता येतो का, हे आधी ओळखीच्या चोरावर बघून घ्यायचं. बबनभाऊ ही लाल नळी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत. पोराबाळांसारखी जपत.

सुरुवातीला बांधणी फक्त मी करायचे. मग कारखान्यात नळीची नवी मॉडेलं भराभर यायला लागली, आणि प्रत्येक मॉडेलला प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा म्हणजे माझी वाकड-चाकण वारंवार खेप. म्हणून मी बबनभाऊंच्याच कॉम्प्युटरवर बांधणीची सोय करून दिली. पडद्यावर सगळे खटके ओळीने, हवे ते चालू करा आणि खाली बटण दाबा. बबनभाऊंनी ती यादी वरपासून खालपर्यंत सरकवत नेली. बराच वेळ सरकवली.

"मॅडम, ह्यात माझं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचे पाच-सहाच आहेत. बाकीचे आमच्या मुलांना लागतात."

"मंग त्येंच्या घरचं सामान माझ्या घरात कशापायी?"

मला ते झोंबलं. पण माणूस हुशार. तक्रार करून थांबले नाहीत. खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर स्वतःच्या अक्षरात यादी केली. कुठला खटका चालू, कुठला बंद, कुठल्याला हात लावायचा नाही. पुठ्ठा पडद्याशेजारी टांगला. बांधणी करताना बोट ठेवून एकेक ओळ ताडून बघायचे.

मी मात्र मनावर घेतलं होतं. बबनभाऊंना पुठ्ठा लागतो याचा अर्थ माझं काम कच्चं, असं मला वाटे. पुढच्या आवृत्तीत मी ती यादीच गायब केली. फक्त पाच प्रश्न. कुठलं मॉडेल, किती दाब, किती वेळ, स्टिकर हवा का, भाषा कुठली. बाकी सगळे खटके पडद्यामागच्या फायलीत, आणि ती फाइल आमच्या ऑफिसातून नव्या आवृत्तीबरोबर जायची. सगळ्यांनी वाहवा केली. आमच्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायला ते पाच प्रश्न मिरवत नेले. बबनभाऊंनी पुठ्ठा काढून ठेवला. काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी कौतुक समजले.

त्या यादीतला सतरावा खटका होता 'खोटा सेन्सर'. हा आमच्या कौस्तुभसाठी. कौस्तुभ हा आमचा सगळ्यात तयारीचा प्रोग्रॅमर. आता वाकडला टेबलाशी बसलेल्या मुलाकडे ना मशीन, ना नळी, ना हवा. मग त्याने आपलं काम चालतंय की नाही हे बघायचं कसं? म्हणून तो खटका चालू केला की प्रोग्रॅम खऱ्या सेन्सरकडे बघतच नाही. दाब अगदी छान आहे, असं स्वतःलाच सांगत राहतो. ऑफिसात या खटक्याशिवाय पान हलत नव्हतं. कारखान्यात मात्र तो चालू राहिला, तर भोक पडलेली नळीही हिरवी.

बबनभाऊंच्या पुठ्ठ्यावर सतरा आकड्याभोवती गोल केलेला होता आणि पुढे 'बंदच' असं लिहिलेलं होतं.

खंडेनवमीला त्या कारखान्यात दुपारनंतर लाइन थांबते. मशीन धुऊन-पुसून हार घालतात, हत्यारं मांडून पूजा होते. लाइन थांबलेली आहे तर नवी आवृत्ती आजच टाकून घ्या, असं मीच बबनभाऊंना फोनवर सांगितलं. त्यांनी टाकली. पाच प्रश्नांची उत्तरं दिली. एक चांगली नळी लावून पाहिली, हिरवा दिवा लागला. मग ते आंघोळ करून आले आणि पूजेला बसले. पाने, पक्कड, गेज आणि सगळ्यात पुढे, हळदकुंकू लावून, झेंडूच्या फुलात, लाल नळी. त्यांच्या लेखी लाइनवरचं सगळ्यात मानाचं हत्यार तेच होतं.

पुढे दिवाळीची घाई, म्हणून दसऱ्याला पहिली शिफ्ट चालू ठेवायची असं वरून आलं. आणि त्या लाइनवरची पद्धत अशी, की पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही. मशीनला हात लावल्याशिवाय काम कसं होणार, म्हणून मशीनला तेवढी सूट. हत्याराला नाही. सकाळी ऑपरेटरने विचारलं, लाल नळी? बबनभाऊंनी पूजेकडे पाहिलं. काल हिरवा दिवा बघितला होता. नवी आवृत्ती होती. मॅडमनी पाठवलेली होती. ते म्हणाले, आजच्या दिवस असू दे.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना चैन पडेना. सकाळपासून एकही लाल दिवा नव्हता. चांगल्यातल्या चांगल्या दिवशीही एखाददुसरी नळी नापास होतेच. ते पूजेपुढे गेले, हात जोडले, लाल नळी उचलली, रुमालाने कुंकू पुसलं आणि मशीनला लावली.

हिरवा दिवा लागला.

त्यांनी त्या क्षणी लाइन थांबवली. सकाळच्या नळ्यांचा टेम्पो निघून गेला होता, तो गाड्यांच्या कंपनीच्या गेटवरून परत बोलावला. जुनी आवृत्ती परत घालून एकूण एक नळी पुन्हा तपासली. त्यांत गळक्या निघाल्या. एकही नळी गाडीला लागली नव्हती, हे नशीब. नशीब म्हणायचं, पण त्या नळ्या थांबवल्या बबनभाऊंनी.

त्याच दुपारी मी ऑफिसात ती पडद्यामागची फाइल उघडली. सतरावा खटका चालू होता. कौस्तुभने आपल्या कामासाठी चालू केलेला, आणि फाइल तशीच्या तशी आवृत्तीबरोबर गेलेली. मी कौस्तुभला बोल लावायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो खटका त्याने चालू केला होता, खरं. पण झाकला मी होता.

चौकशी लागली. कारखान्याच्या क्वालिटीच्या साहेबांनी बबनभाऊंना लाइनवरून काढून गेटवर बसवलं. नियम साफ होता: लाल नळीशिवाय शिफ्ट नाही. तो मोडला होता. चौकशीनंतर त्यांना घरी पाठवणार, असं सगळे उघड बोलत होते. आम्हालाही बोलावणं आलं.

आमचे साहेब माणूस वाईट नव्हते. पण घाबरले होते. मला म्हणाले, "विचारतील तेवढंच सांगायचं. लाल नळी लावली नाही, हे खरं आहे ना? मग झालं तर. आपण होऊन फाइल कशाला उघडायची?"

मी दोन दिवस गप्प राहिले. हे इथे लिहायला मला आवडत नाही, पण राहिले. मुलीचं लग्न ठरत होतं, नोकरी हवी होती, आणि साहेब म्हणत होते ते खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बबनभाऊंचा फोन आला.

"मॅडम, तुमाला बी बलावलंय म्हणं. तुमाला तरास नको. माझंच चुकलं. लाल नळी देवाला वाह्यली आन लाइनला इसरलो. तसंच सांगा तुमी."

ते मला धीर देत होते. मला इतकी लाज आजवर कधी वाटली नाही.

चाकणला जाताना मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत आमची गाडी अडकली. साहेब शेजारी बसून काय बोलायचं याची उजळणी करत होते. मी म्हटलं, "साहेब, मी फाइल छापून आणली आहे. मी ती दाखवणार आहे." ते म्हणाले, "गिऱ्हाईक जाईल, बाई." मी म्हटलं, "जाईल. पण मी सांगणार." साहेबांनी उजळणी सोडून दिली. कारखान्याच्या गेटवर बबनभाऊ स्टुलावर बसले होते. उठून त्यांनी नमस्कार केला.

बैठकीत मी कागद टेबलावर ठेवला. सतराव्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं, "हा खटका आमच्याकडून चालू आला. आधी तो बबनभाऊंना दिसायचा, ते दर बांधणीला ताडून बघायचे. मी यादी लपवली, म्हणून त्यांना दिसला नाही. लाल नळी लावली नाही ही त्यांची चूक. पण गळक्या नळ्यांना हिरवा दिवा लागला तो आमच्या चुकीने, आणि ती चूक पकडली कुणी? ज्यांना गेटवर बसवलंय, त्यांनीच."

क्वालिटीच्या साहेबांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग मला बाहेर थांबायला सांगितलं. बबनभाऊंना लेखी ताकीद मिळाली आणि ते लाइनवर परत गेले. आमचं गिऱ्हाईक गेलं नाही. पण पुढचं मशीन त्यांनी दुसऱ्यांकडून घेतलं, आणि आमचे साहेब कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

मी ठरवलं होतं, आता हे मुळापासून नीट केल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. पहिली लढाई कौस्तुभशी. मी म्हटलं, खोटा सेन्सर काढूनच टाक.

"मॅडम, काढतो," तो म्हणाला. "मग मला सांगा, मी इथे सातव्या मजल्यावर नळीत हवा कुठून भरू? तुमचे युजर म्हणजे फक्त बबनभाऊ का? आम्ही पण युजरच आहोत ना तुमचे?"

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं म्हणजे पसारा घालणारी आणि मी तो आवरणारी, असंच मी धरून चालले होते. कौस्तुभचं बरोबर होतं. त्याला खटके लागणारच. भांडून भांडून आम्ही एका जागी आलो: फायली दोन. मुलांची फाइल मुलांकडे, तिच्यात काय वाटेल ते करा, पण ती ऑफिसच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. कारखान्याची फाइल वेगळी. आणि खोटा सेन्सर चालू असेल तर कारखान्याची बांधणी पुरीच होणार नाही. नुसता इशारा देऊन पुढे जायचं नाही, जागीच अडायचं. कौस्तुभने ते अडवणं स्वतः लिहिलं आणि इतकं पक्कं लिहिलं की पुढे दोनदा त्यालाच अडवलं. तेव्हा तो चिडला, पण त्याने ते काढलं नाही.

ही नवी व्यवस्था घेऊन मी बबनभाऊंकडे गेले. अभिमानाने दाखवली. तेच पाच प्रश्न, मागे सगळं भक्कम. त्यांनी शांतपणे बघितलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पन मॅडम, एक बोलू का? तुमी मागल्या वक्ताला बी चांगलंच केलं व्हतं."

"म्हणजे?"

"मला सोपं नको व्हतं. म्हंजी, हाय त्ये बरं हाय. पन मला दिसाया पायजे. त्या यादीवर मी वैतागायचो, खरं हाय. पन सतरावा खटका मी डोळ्यानं बघायचो. तुमी म्हनता, आता आत बंदोबस्त केलाय. आसंल. मला न्हाई दिसत."

इतकी वर्षं मी लोकांसाठी सोपं करत होते आणि मला वाटत होतं, सोपं म्हणजे कमी दिसणं. तिथेच त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. काय दिसायला हवं, ते तुम्हीच सांगा म्हटलं. सगळी यादी नको, असं त्यांनीच सांगितलं. एकच ओळ हवी, मशीनच्या पडद्यावर, सगळ्यात वर, तीन पावलांवरून वाचता येईल एवढी मोठी. 'सेन्सर: खरा'. आणि ती ओळ बांधणीच्या वेळी कुणी लिहून ठेवलेली नको, प्रोग्रॅमने त्या घडीला खात्री करून लिहिलेली हवी. हा शेवटचा मुद्दाही त्यांचाच. आमच्या ऑफिसात इंजिनिअर इतके, पण तो आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

पुढच्या खंडेनवमीला मला त्यांनी आग्रहाने बोलावलं. पूजेत लाल नळी होतीच. मशीनजवळ खुंटीला आणखी एक लाल नळी टांगलेली होती, तशीच भोक पाडलेली, रंग अजून ताजा. "येक देवाची, येक लाइनची," ते म्हणाले. "आता दोगांची बी आडचन न्हाई."

मी निवृत्त होऊन आता थोडा काळ झाला. कौस्तुभ आता माझ्या जागेवर आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, वैतागलेला.

"मॅडम, बबनभाऊ नवीन व्हर्जन घ्यायला तयार नाहीत. सही करत नाहीत. त्यांची रिटायरमेंट जवळ आलीय, उगाच अडून बसलेत. तुमचं ऐकतील, तुम्ही जरा सांगा ना."

"का नाही घेत म्हणाले?"

"काही नाही हो. डिझाइनवाल्या मुलांनी स्क्रीन जरा स्वच्छ केली. वरची ती ओळ काढली. आत चेक तर आहेच ना. मीच लिहिलाय तो."

मी म्हटलं, "कौस्तुभ, मी त्यांना काही सांगणार नाही. तू ओळ परत घाल."

तो हसला. आधी वैतागून, मग खरोखर. त्याने फोन ठेवला आणि मी प्रिंटर अडलेल्या शेजाऱ्यांना दार उघडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनभाऊंच्या मोबाइलवरून फोटो आला. मशीनचा पडदा, सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत 'सेन्सर: खरा'. मशीनला लावलेली लाल नळी, रंग उडालेला. वर लाल दिवा लागलेला. खाली त्यांनी दोनच शब्द लिहिले होते, "आता घेतलं."